गोल असतं तर फिरताना दिसलंच नसतं : झिर्कोनियम-८०, संत्रं आणि केंद्रकाचा आकार

अंबाझरीकाठ (धागाकर्ती)

मी नागपुरात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाला केंद्रकाची द्रवथेंब प्रतिकृती (अणूच्या केंद्रकाला द्रवाचा थेंब मानणारी) चालली होती. फळ्यावर नेहमीसारखं वर्तुळ काढलं, त्रिज्येचं सूत्र लिहिलं आणि पुढे निघाले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, केंद्रक गोल आहे हे कोणी बघितलं?"

प्रश्न इतका सरळ होता की त्याला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. उद्या सांगते म्हणाले. घरी बसून लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून इथे मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सांगावं.

माझ्या उत्तराचा गाभा एवढाच: बरीचशी केंद्रकं गोल नाहीत, आणि हे आपल्याला ती फिरतात म्हणून कळतं.

अगदी गुळगुळीत, एकरंगी गोळा घ्या. तो थोडा फिरवला तर आधीच्यात आणि नंतरच्यात फरक काय? काहीच नाही. रोजच्या जगात गोळ्यावर खूण करता येते, म्हणून तो फिरलेला कळतो. पुंजभौतिकीत अशी खूण करायची सोय नाही. फिरवूनही जी अवस्था तीच राहते, ती नवी अवस्थाच नव्हे. त्यामुळे संपूर्ण गोल केंद्रकाला 'फिरणं' हा प्रकारच उपलब्ध नसतो. त्याला ऊर्जा दिली तर एखादा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन वरच्या कक्षेत जाईल, पृष्ठभाग थरथरेल, पण अख्खं केंद्रक एकजुटीनं फिरणार नाही. ते फिरताना सापडलं, तर त्याला लांबट किंवा चपटा आकार आहे हे तिथेच सिद्ध झालं.

आता फिरणं ओळखायचं कसं? प्रोटॉन सम आणि न्यूट्रॉनही सम असलेल्या केंद्रकाची सर्वांत खालची अवस्था स्पिन शून्य असते (स्पिन म्हणजे केंद्रकाचा एकूण कोनीय संवेग, फिरण्याचं माप). लांबट केंद्रक फिरू लागलं की स्पिन २, ४, ६, ८ अशा पायऱ्या येतात. विषम पायऱ्या गळतात, कारण जांभूळ आडवं धरून अर्धा फेरा फिरवलं की पुन्हा तसंच दिसतं. प्रत्येक पायरीची ऊर्जा स्पिन × (स्पिन + १) या प्रमाणात चढते. म्हणजे ६, २०, ४२, ७२. दुसऱ्या पायरीला पहिलीनं भागा, ३.३३ येतं. केंद्रक नुसतं थरथरत असेल तर हाच भागाकार २ च्या आसपास येतो. या शिडीला परिवलन पट्टा म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे रोटेशनल बँडच म्हणतात, मीही पुढे बँडच लिहीन. शिडी उतरताना केंद्रक दर पायरीला एक गॅमा किरण सोडतं, आणि त्या किरणांची ऊर्जा आपण मोजतो. आकार डोळ्यांनी कोणी बघितलेला नाही, तो या पायऱ्यांच्या अंतरातून वाचलेला आहे.

आता खरी गोष्ट. इतवारीच्या सराफ्यात 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा मिळतो तो झिर्कोनियमचा ऑक्साइड. त्यातल्या झिर्कोनियमचे निम्म्याहून थोडे जास्त अणू झिर्कोनियम-९० चे असतात: ४० प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन. त्याची स्पिन-२ ची पहिली पायरी २१८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे (पुढे नुसतं केईव्ही). ही फार उंच पायरी झाली. केंद्रक घट्ट, गोल, सहजी न हलणारं. न्यूट्रॉनचा ५० हा मॅजिक आकडा (ज्या संख्येला कणांचं कवच पूर्ण भरून बंद होतं तो) आहेच, पण इथे प्रोटॉनचा ४० सुद्धा बऱ्यापैकी बंद कवचासारखा वागतो.

मग त्यातून दहा न्यूट्रॉन काढून घेतले तर? ४० आणि ४०. ४० बंद कवच असेल तर झिर्कोनियम-८० दोन्ही बाजूंनी बंद आणि छान गोल निघायला हवं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत त्याचे गॅमा किरण पहिल्यांदा पकडले गेले. पहिली पायरी निघाली २९० केईव्हीवर, दुसरी ८२८ वर. २१८६ च्या जागी २९०! तेच चाळीस प्रोटॉन, पण दहा न्यूट्रॉन गेल्यावर गोळ्याचं जांभूळ झालं.

मुलांसाठी मी फळं ठरवली आहेत. बोर म्हणजे गोल. आपलं संत्रं वरून-खालून दबलेलं, म्हणजे चपटं. जांभूळ लांबट. आणि लांबी जाडीच्या दुप्पट झाली की तोंडलं. उद्या वर्गात चारही घेऊन जाणार आहे.

---

सीताबर्डी_४४

मॅडम, मी कॉमर्सवाला, पण एका दमात वाचलं. एक विचारू का? न्यूट्रॉन 'काढून घेतले' म्हणजे नेमकं काय केलं? चिमट्यानं तर काढता येत नाहीत.

---

अंबाझरीकाठ

नाही, काढत नाहीत. दोन हलकी केंद्रकं एकमेकांवर आपटून नवं घडवतात. यामागची युक्ती मला फार आवडते. हलक्या मूलद्रव्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ बरोबरीनं असतात. केंद्रक जड होत गेलं की प्रोटॉन-प्रोटॉनचं अपकर्षण वाढतं आणि ते धरून ठेवायला न्यूट्रॉन जास्त लागतात. मॅग्नेशियम-२४ मध्ये १२ आणि १२. शिशाच्या २०८ मध्ये मात्र ८२ प्रोटॉनना १२६ न्यूट्रॉन. म्हणून दोन हलकी केंद्रकं जोडली की जे तयार होतं, त्यात त्याच्या वजनाला पुरतील एवढे न्यूट्रॉन नसतातच. ते जन्मतःच न्यूट्रॉन-उणं असतं.

झिर्कोनियम-८० साठी मॅग्नेशियम-२४ आणि निकेल-५८ यांची टक्कर केली. प्रोटॉन १२ अधिक २८, झाले ४०. एकूण कण ८२. हा गोळा इतका तापलेला असतो की त्यातून पाण्याच्या वाफेसारखे कण उडतात. दोन न्यूट्रॉन उडाले की उरलं झिर्कोनियम-८०. अडचण अशी की बहुतेक वेळा प्रोटॉन किंवा अल्फा कण (दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनची मोळी) उडतात आणि भलतंच केंद्रक तयार होतं. नेमके दोन न्यूट्रॉनच उडण्याची घटना अगदी दुर्मीळ. त्या ढिगाऱ्यातून हे दोन गॅमा किरण वेचून काढायचे होते.

---

रात्रपाळी

हा धागा बघून राहवलं नाही. मी नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमधून एम.एस्सी. केलं आणि नंतर पीएच.डी.साठी याच कामात शिरलो. वेचणं कसं चालतं ते सांगतो, कारण पुस्तकात त्याला एक ओळ मिळते आणि आमची त्यात वर्षं जातात.

भारतात या कामासाठी 'इंगा' आहे, म्हणजे इंडियन नॅशनल गॅमा ॲरे. शुद्ध जर्मेनियमच्या डिटेक्टरांचा हा गोल पिंजरा आहे. तो एका संस्थेच्या मालकीचा नाही. मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी अशा तीन ठिकाणी त्याची मोहीम पाळीपाळीनं चालते. एकेका डिटेक्टरात जर्मेनियमचे चार स्फटिक चार पाकळ्यांसारखे बसवलेले असतात, म्हणून त्याला क्लोव्हर म्हणतात. एका पाकळीत गॅमा किरण अर्धवट ऊर्जा टाकून शेजारच्या पाकळीत घुसला तर दोन्हींची बेरीज करता येते. पाकळ्यांच्या बाहेर निसटला तर भोवतीचं कवच ओरडून सांगतं, ती नोंद टाकून दे. जर्मेनियम थंडच ठेवावं लागतं, उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ठरल्या वेळी भरत राहावं लागतं. एखादं भरणं चुकलं आणि डिटेक्टर गरम झाला, तर पुढची कितीतरी तासांची मोजणी गेली.

मी दिल्लीला पहिल्यांदा बसलो तेव्हा बेरियमच्या एका हलक्या समस्थानिकावर काम होतं. सिलिकॉनचा झोत, मॉलिब्डेनमचा पातळ पत्रा, मागे जाड धातूचा आधार. सुरुवातीला स्क्रीनवर जे दिसतं ते पावसाळी रानासारखं असतं, शेकडो शिखरं एकमेकांत घुसलेली. कोणतं शिखर कोणत्या केंद्रकाचं, काही पत्ता लागत नाही.

मग गेट लावायचं. एकाच शिडीवरून उतरणारे किरण एकाच क्षणी, म्हणजे अब्जांश सेकंदांच्या हिशेबात एकत्र येतात. म्हणून संगणकाला सांगायचं: ज्या घटनेत हा ओळखीचा एक किरण आहे, फक्त तिच्यातले बाकीचे किरण दाखव. एंटर दाबलं आणि रान साफ झालं. सात-आठ शिखरं, जवळजवळ सारख्या अंतरावर, कुंपणाच्या खुंट्यांसारखी उभी. पहाटेचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या सीनियर ताई म्हणाल्या, "बघ, फिरून राहिलंय ना?" त्याही आपल्याकडच्याच, वर्ध्याच्या. मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

सारखं अंतर का येतं, हे मॅडमच्या सूत्रातूनच निघतं. पायऱ्या ६, २०, ४२, ७२. त्यांची वजाबाकी ६, १४, २२, ३०. दर वेळी ८ ची वाढ.

---

जुने_मास्तर

सुंदर धागा. मी निवृत्त आहे, ३१ वर्षं शिकवलं. मॅडम, एक शंका. झिर्कोनियम-८० चे आकडे तुम्ही दिलेत, २९० आणि ८२८. भागाकार २.८६ येतो. आदर्श फिरकीचा ३.३३. मग हे खरोखर फिरतंय म्हणायचं की मधलंच काहीतरी? तुमच्या गोष्टीला साजेसा आकडा तेवढा उचलू नये, म्हणून विचारतो.

---

अंबाझरीकाठ

सर, शंका रास्त आहे आणि मी ती मूळ लेखात टाळायला नको होती. आदर्श फिरकी नाहीच ती. २९० ला ३.३३ नं गुणलं तर दुसरी पायरी ९६७ ला यायला हवी होती, ती ८२८ लाच आली. म्हणजे केंद्रक फिरता फिरता मऊपणे स्वतःला जुळवून घेतं, जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड, त्याचं माप) स्पिनबरोबर वाढतं. ८० कणांच्या लहान केंद्रकात हे अपेक्षितही आहे. एर्बियम, डिस्प्रोशियम यांच्यासारखी दीडशेच्या पुढची केंद्रकं सूत्राला जास्त चिकटून राहतात.

पण विरूपणाचा (आकार गोल नसण्याचा) पुरावा त्या एका भागाकारावर उभा नाही. स्पिन-२ ची अवस्था किती वेळ टिकते तेही मोजता येतं. आकार जितका लांबट, तितका विद्युतभार टोकांना पसरलेला, तितका गॅमा किरण लवकर सुटतो. झिर्कोनियम-८० आणि शेजारचं स्ट्रॉन्शियम-७६ यांच्यासाठी ही मोजमापं २०२० मध्ये आली, आणि दोन्ही अतिशय विरूपित निघाली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात झिर्कोनियम-८० चं वस्तुमान अचूक मोजलं गेलं. ते आधी समजत होते त्यापेक्षा हलकं निघालं, म्हणजे बांधणी जास्त घट्ट. गोल आकाराच्या कवचात ४० फारसं घट्ट नसेल, पण लांबट आकाराच्या कवचात ते घट्ट आहे.

याचं कारण स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ निल्सननं १९५५ मध्ये दाखवून ठेवलं होतं. केंद्रक लांबट केलं की कक्षांच्या ऊर्जा सरकतात. काही वर जातात, काही खाली येतात, आणि जुन्या फटी बुजून नव्या जागी फटी पडतात. ३८ आणि ४० च्या आसपास अशी मोठी फट लांबट आकारात उघडते. झिर्कोनियम-८० मध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघंही त्याच फटीवर उभे असतात, त्याच कक्षांत, एकमेकांना त्याच दिशेनं ओढत. झिर्कोनियम-९० मध्ये न्यूट्रॉन ५० च्या गोल कवचात बसलेले असतात, ते प्रोटॉनना लांबट होऊच देत नाहीत.

---

जुने_मास्तर

समाधान झालं. एक जुनी आठवण देतो. १९४९-५० मध्ये कोलंबिया विद्यापीठात जेम्स रेनवॉटर आणि निल्स बोर यांचे चिरंजीव आगे बोर एकाच खोलीत बसत. बाहेरच्या कक्षेतला एकटा कण आतल्या गाभ्याला फुगवून आकार बिघडवू शकतो, ही कल्पना रेनवॉटरनं १९५० मध्ये मांडली. आगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी पुढे कोपनहेगनला तिच्यावर फिरण्या-थरथरण्याचा अख्खा सिद्धांत उभा केला. तिघांना १९७५ चं नोबेल मिळालं. आम्ही शिकलो तेव्हा हे आमच्या अभ्यासक्रमात दीड पान होतं आणि परीक्षेला येत नसे, म्हणून कोणी वाचत नसे. मीही उशिरा वाचलं. तुमच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

---

खामल्याचा_किरण

मला एक अडलं आहे. सर्वांत खालची अवस्था स्पिन शून्य म्हणता. स्पिन शून्य म्हणजे सर्व दिशा सारख्याच. मग ते गोलच झालं की! जांभूळ कुठून आलं?

---

रात्रपाळी

हा प्रश्न मला माझ्या तोंडी परीक्षेत विचारला होता.

स्पिन शून्याच्या अवस्थेत जांभूळ सगळ्या दिशांना एकसारखं विखुरलेलं असतं. ते कुठल्याही एका दिशेला रोखलेलं नसतं, म्हणून बाहेरून सरासरी घेतली की गोल येतं. छताचा पंखा जोरात फिरताना तबकडीसारखा दिसतो, म्हणून त्याला पाती नाहीत असं आपण म्हणत नाही. (पंख्याची उपमा पूर्ण बसत नाही. पंखा खरंच फिरत असतो, इथे कोनीय संवेग शून्य आहे. पण सरासरीचा मुद्दा तोच.) जांभूळ हे केंद्रकाच्या स्वतःच्या चौकटीतलं वर्णन आहे. प्रयोगशाळेच्या चौकटीतून त्याचा पत्ता दोन प्रकारे लागतो. एक, वरच्या पायऱ्यांवरून. दुसरा, त्रिज्येवरून. तेवढ्याच मालमसाल्याचं जांभूळ बोरापेक्षा सरासरीनं जरा जास्त पसरलेलं असतं.

या दुसऱ्या रस्त्याची पाऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थर्मामीटरमधल्या पाऱ्यात १९६ ते २०४ वजनाची टिकाऊ केंद्रकं असतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या आयसोल्ड विभागात न्यूट्रॉन कमी कमी करत हलका पारा बनवला आणि त्याच्या प्रकाशाच्या रेषा मोजल्या. केंद्रकाची त्रिज्या बदलली की त्या रेषा किंचित सरकतात. वजन घटत गेलं तशी त्रिज्याही शिस्तीत घटत गेली. १९७२ मध्ये पारा-१८५ आणि १८३ मोजले आणि त्रिज्येनं एकदम उडी मारली. न्यूट्रॉन कमी झाले आणि केंद्रक मोठं झालं! मधलं १८४ मात्र पुन्हा लहान. एक मोठं, एक लहान, एक मोठं. एकेका न्यूट्रॉनवर आकार पालटत होता. हे पुढे कुठवर चालतं हे कळायला २०१८ उजाडलं. त्याच ठिकाणी १७७ पर्यंत मोजणी गेली आणि दिसलं की १८१ नंतर हा खेळ थांबतो, त्याखालचा पारा पुन्हा जवळजवळ गोल.

---

काटोलची_बाग

आमची संत्र्याची बाग आहे. शास्त्र पुरतं समजलं नाही, पण फळ समजतं, म्हणून लिहितो. मॅडम, नागपुरी संत्रं नुसतं चपटं नसतं. पुष्कळ फळांना देठाकडे उंचवटा येतो, मान काढल्यासारखा. खाली दबलेलं, वर उंच. म्हणजे वरचं टोक आणि खालचं टोक सारखं नसतं. असं केंद्रक असतं का?

---

अंबाझरीकाठ

भाऊ, तुमच्या या एका वाक्यावर गेल्या काही दशकांतलं कितीतरी संशोधन उभं आहे. असतं. त्याला नाशपातीच्या आकाराचं केंद्रक म्हणतात. रेडियम-२२४ साठी हे २०१३ मध्ये आयसोल्डमध्ये पक्कं झालं.

आणि ते ओळखायची खूण बघा. मूळ लेखात मी म्हटलं होतं की जांभूळ अर्धा फेरा फिरवलं की तसंच दिसतं, म्हणून विषम पायऱ्या गळतात. मान काढलेलं संत्रं अर्धा फेरा फिरवलं तर तसंच दिसेल का? नाही, देठ खाली जाईल. म्हणून तिथे १, ३, ५ या पायऱ्याही येतात, विरुद्ध पॅरिटीच्या (पॅरिटी म्हणजे सगळ्या दिशा उलटवल्या की अवस्थेचं चिन्ह पालटतं की नाही), आणि २, ४, ६ च्या मध्ये जाऊन बसतात. दोन शिड्या एकमेकींत गुंफल्यासारख्या. उद्या वर्गात तुमचं मान काढलेलं एक संत्रंही नेते.

---

काटोलची_बाग

नक्की न्या. आणि पोरांना सांगा, ते वाकडं दिसत असलं तरी चवीला कमी नसतं.

---

खामल्याचा_किरण

अजून एक. हे फिरणं आख्ख्या कठीण वस्तूसारखं असतं का? म्हणजे जडत्व आघूर्ण सरळ काढता येईल?

---

अंबाझरीकाठ

काढून बघा, इथेच गंमत आहे. झिर्कोनियम-८० ची पहिली पायरी २९०. त्याला ६ नं भागलं की सूत्रातला स्थिरांक ४८.३ केईव्ही. त्यावरून जडत्व आघूर्ण येतं सुमारे १०.३ (केंद्रकभौतिकीच्या नेहमीच्या एककात). तेवढ्याच वजनाचा कठीण गोळा घेतला तर उत्तर येतं सुमारे २०.६, आणि लांबट आकार धरला तर त्याहून थोडं जास्त. म्हणजे मोजलेलं जडत्व निम्मं किंवा त्याहूनही कमी.

शहाळं आणि सुका गोटा दोन्ही फिरवून बघा. शहाळ्याचं कवच फिरतं, आतलं पाणी मागे राहतं. केंद्रकातही प्रोटॉन-प्रोटॉन, न्यूट्रॉन-न्यूट्रॉन अशा जोड्या जमलेल्या असतात, त्यातला एक ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट दुसरा. या जोड्यांमुळे केंद्रकाचा बराच भाग फिरण्यात सामील होत नाही. अतिप्रवाही द्रवासारखं वागतं ते. पूर्ण शहाळंही नाही, पूर्ण गोटाही नाही.

---

रात्रपाळी

आणि या जोड्या तुटतानाही दिसतात!

१९७१ मध्ये स्टॉकहोमला डिस्प्रोशियम-१६० ची शिडी मोजत होते. गॅमा किरणांची ऊर्जा दर पायरीला वाढत जायला हवी. एका उंचीपर्यंत वाढली, मग एकदम कमी झाली, मग पुन्हा वाढू लागली. स्पिन वाढतंय आणि फिरण्याचा वेग मात्र कमी होतोय. आलेख मागे वळतो, म्हणून त्याला बॅकबेंडिंग म्हणतात.

मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी हात घट्ट धरून, जवळ उभ्या राहून भरभर फिरतात. मग हात लांब करून मागे झुकल्या की पसारा वाढतो आणि फेरा संथ होतो. केंद्रकात वेग वाढत गेला की एका ठरावीक क्षणी एक जोडी फुटते, आणि त्यातले दोघंही कण आपलं फिरणं केंद्रकाच्या फिरण्याच्या दिशेत वळवतात. हे कोरिऑलिस बलामुळे, ज्याच्यामुळे मोसमी वारे वळतात त्याच बलामुळे होतं. त्या दोघांनी इतकं स्पिन पुरवलं की उरलेल्या केंद्रकाला तेवढं जोरात फिरायची गरज राहत नाही. आमच्या बेरियममध्येही ते वळण होतं. फुटलेली जोडी प्रोटॉनची की न्यूट्रॉनची हे ठरवायला मला दीड वर्ष लागलं.

तोंडल्याचंही सांगून टाकतो, मॅडमनी उल्लेख करून सोडून दिलंय. १९८६ मध्ये, पुन्हा डेअर्सबरीलाच, डिस्प्रोशियम-१५२ मध्ये १९ गॅमा किरणांची रांग सापडली. दोन किरणांमध्ये सुमारे ४७ केईव्हीचं अंतर, आणि स्पिन ६० पर्यंत. ४७ चा हिशेब केला की जडत्व आघूर्ण सुमारे ८५ येतं, कठीण वस्तूच्या बरंच जवळ. एवढ्या वेगात जोड्यांचं फारसं चालत नाही. आकार दोनास एक.

---

सीताबर्डी_४४

बापरे, फुगडीनं एकदम डोक्यात प्रकाश पडला. एकाच केंद्रकाला एकच आकार असतो ना पण? की परिस्थितीप्रमाणे?

---

अंबाझरीकाठ

एकच असेल असं नाही. शिशाचं घ्या. शिसं-२०८ हे गोल केंद्रकाचं आदर्श उदाहरण. त्यातून बावीस न्यूट्रॉन कमी केले की शिसं-१८६. २००० साली जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत दिसलं की या केंद्रकाच्या सर्वांत खालच्या तीनही अवस्था स्पिन शून्याच्या आहेत. एक तळाला, दुसरी ५३२ केईव्हीवर, तिसरी ६५० वर. त्यांचा अर्थ असा लावला गेला: एक गोल, एक चपटी, एक लांबट. बोर, संत्रं आणि जांभूळ एकाच केंद्रकात, एवढ्याशा ऊर्जेच्या फरकानं. कणांची संख्या तीच, ८२ आणि १०४. केंद्रकाच्या आकाराबद्दल मला सर्वांत जास्त हलवून सोडणारी गोष्ट हीच आहे.

आणि एक छोटी भर. काही केंद्रकं इतकी न्यूट्रॉन-उणी असतात की त्यांना शेवटचा प्रोटॉनही धरून ठेवता येत नाही, तो गळतो. युरोपियम-१३१ हे तसलं. त्यातून प्रोटॉन बाहेर पडताना दोन वेगवेगळ्या ऊर्जा दिसल्या, १९९९ मधली गोष्ट. फरक १२१ केईव्हीचा. तो मागे राहिलेल्या समेरियम-१३० च्या पहिल्या पायरीचा. इतकी बुटकी पायरी म्हणजे ते केंद्रक चांगलंच लांबट. एकही गॅमा किरण न मोजता शिडीची पहिली पायरी कळली.

---

तिसरा_बाक

मॅडम, मीच ती. काल तुम्ही फळं आणलीत तेव्हा वर्गात बोलले नाही, पण रात्री मोजत बसले होते. नोंदी सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुल्या आहेत म्हणालात, म्हणून एर्बियम-१६८ घेतलं. ते न्यूट्रॉन-उणं नाही, निसर्गातच सापडतं, पण आधी सोपं जमतंय का बघायचं होतं.

पायऱ्या अशा आहेत: ७९.८, २६४.१, ५४८.७, ९२८.३. पहिलीवरून स्थिरांक काढला, १३.३. त्यावरून पुढच्या आल्या २६६.०, ५५८.६, ९५७.६. म्हणजे खऱ्या पायऱ्या कमी पडतात: १.९, ९.९ आणि २९.३ नं. फरक वाढतच जातो. मला वाटलं केंद्रक फिरताना ताणलं जात असेल, म्हणून सूत्रातून आणखी एक पद वजा केलं, स्पिन × (स्पिन + १) च्या वर्गाचं. पहिल्या दोन पायऱ्यांवरून दोन्ही स्थिरांक काढले: १३.३४ आणि ०.००६८. मग तिसरी पायरी आली ५४८.३. मोजलेली ५४८.७! चौथी ९२५.४ आली, मोजलेली ९२८.३. चौथीला थोडं जास्तच वजा झालं.

हे पद मी शोधलेलं नसणार, आधीच कोणीतरी लिहिलं असेल. पण चौथीला ते का पुरत नाही? आणि झिर्कोनियम-८० ला हेच केलं तर चालेल का?

---

अंबाझरीकाठ

हो, ते पद आधीपासून आहे. पण तू ते न वाचता लिहिलंस, हे मला फार मोलाचं वाटतं. चौथीला पुरत नाही कारण तुझं सूत्र ही एका लांब मालिकेची पहिली दोन पदं आहेत. पुढचं पद अधिक चिन्हाचं घेऊन बघ. तीन स्थिरांक काढायला तीन पायऱ्या वापराव्या लागतील, मग चौथी खरी कसोटी होईल.

झिर्कोनियम-८० ला मात्र पहिल्या दोनच पायऱ्यांवरून हे करून बघ आणि दुसऱ्या पदाचा आकडा एर्बियमच्या आकड्याशेजारी लिही. तो इतका मोठा येईल की मालिकेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुलाच ठरवावं लागेल. सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत ये, वही घेऊन.

---

रात्रपाळी

मॅडम, चालणार असेल तर सोमवारी मीही येतो. दिवाळीपर्यंत नागपुरातच आहे. आमच्या बेरियमच्या गेट लावलेल्या आलेखाची छापील प्रत घरी आहे, ती घेऊन येईन. वळण कुठे येतं ते तिला पट्टीनं मोजून काढू दे.